सायकलस्वाराचा नकाशा

मुंबईसारख्या महानगरात जेवणाचे डबे पोहोचविणारे, दूध व वृत्तपत्रे वाटणारे अनेक श्रमजीवी आजही सायकलचा आश्रय करतात. मोटारीतून जाणाऱ्याला जो चढ जाणवतही नाही, तो त्यांना पायांच्या बळावर चढावा लागतो. गिरगाव चौपाटीचा सपाट रस्ता आणि तेथून मलबार टेकडीवर जाणारा रस्ता साध्या नकाशात सारखेच दिसतात. सायकलस्वाराला मात्र त्यांतील भेद पक्का ठाऊक असतो. लालबागहून दक्षिणेकडे निघालेल्यास जे. जे. उड्डाणपूल सोयीचा वाटेल. परंतु तेथे दुचाकींना मनाई आहे. त्याने पुलाखालच्या महंमद अली मार्गानेच गेले पाहिजे. सायकलस्वारास निराळा नकाशा का हवा, हे यावरून ध्यानात येईल.

असा नकाशा काढण्यास प्रथम रस्त्यांची माहिती हवी. ती 'ओपनस्ट्रीटमॅप' या उपक्रमातून सर्वांना मुक्तपणे मिळते. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी त्याचा आरंभ केला. चाळीतील गणेशोत्सव जसा घरोघरच्या वर्गणीतून उभा राहतो, तसा हा माहितीचा साठा जगभरच्या लोकांनी दिलेल्या नोंदींतून उभा राहिला आहे. त्यात प्रत्येक रस्ता म्हणजे अक्षांश-रेखांशांनी निश्चित केलेल्या बिंदूंना जोडणारी रेषा होय. रस्ता एकेरी आहे काय, पृष्ठभाग कसा आहे, सायकलला मुभा आहे काय, हे त्या रेषेला जोडून नोंदविलेले असते.

परंतु माहिती म्हणजे नकाशा नव्हे. काय ठळक दाखवावे व काय फिके ठेवावे, याचे नियम नकाशाकार ठरवितो आणि त्यांनुसार संगणक चित्र रेखाटतो. 'ओपनसायकलमॅप' व 'सायक्लोएसएम' हे नकाशे असेच तयार झाले. त्यांत सायकलमार्ग उठून दिसतात. सायकलची दुकाने व सायकली लावण्याच्या जागाही दाखविलेल्या असतात. भूमीची उंची मात्र निराळ्या साधनाने मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एका अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या फार मोठ्या भागाची उंची मोजली. अशा मोजणीवरून समोच्चरेषा काढल्या, की चढउतार ध्यानी येतो. हीच माहिती घेऊन, नियम तेवढे पालटून, पादचाऱ्यांसाठीही नकाशा काढता येतो.

तथापि संगणक रस्ता पाहत नाही. तो केवळ नोंद वाचतो. परळ व प्रभादेवी यांना जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीस बंद झाला. असा बदल कोणी नोंदविला नाही, तर अत्यंत सुबक नकाशाही थकल्याभागल्या सायकलस्वारास बंद वाटेवर नेऊन सोडील. म्हणून आपली गल्ली रोज पाहणाऱ्या रहिवाशाचे महत्त्व येथे मोठे आहे. त्याने स्वतः पाहून खात्री करावी, दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवून घेऊ नये आणि मगच नोंद करावी. एकाने प्रामाणिकपणे केलेली लहानशी नोंद अनेकांचे श्रम वाचविते.

स्वाध्याय
१. माहिती व नकाशा यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा, सायकलस्वारास उपयोगी पडेल असा नकाशा काढा.