काचपट्टीचे चित्र

सन 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत एक विलक्षण प्रकार घडू लागला. धडधाकट माणसांचे केस एकाएकी गळू लागले आणि थोड्याच दिवसांत कित्येकांना टक्कल पडले. गावोगाव भीती पसरली. जानेवारी 2025 मध्ये तेथे आलेल्या वैद्यकीय पथकांनी पाणी, रक्त व केस यांच्याबरोबर बाधितांच्या त्वचेचेही नमुने घेतले.

त्वचेचा एवढासा तुकडा काय सांगणार, असे कोणासही वाटेल. परंतु रोगाची खूण पुष्कळदा अशा तुकड्यातच दडलेली असते. शरीरातील ऊतीचा नमुना कुजू नये म्हणून तो प्रथम फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. नंतर तो मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढतात. काप काचपट्टीवर पसरून रंगवला, की पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि भोवतालचा भाग गुलाबी दिसतो. मग तज्ज्ञ तो सूक्ष्मदर्शकातून निरखतात.

पण तज्ज्ञ दूरच्या शहरात असले तर? काचपट्टी पाठवण्यात दिवस जातात. वाटेत ती फुटण्याचेही भय असते. ही अडचण दूर करणारे यंत्र म्हणजे काचपट्टीचा डिजिटल स्कॅनर होय. तो काचपट्टी भिंगाखाली हळूहळू सरकवून तिचा एकेक भाग टिपतो आणि संगणक ते भाग जोडून अखंड चित्र तयार करतो. एक सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद कापाच्या चित्रात सुमारे 160 कोटी ठिपके असू शकतात! असे चित्र एकाच वेळी अनेक गावचे तज्ज्ञ पाहू शकतात. काचेवरील रंग कालांतराने फिके पडतात, चित्रातले पडत नाहीत; म्हणून संशोधकांना जुने नमुने नव्यांशी ताडून पाहता येतात.

तथापि यंत्र हे साधन आहे, तज्ज्ञ नव्हे. काप सुरकुतलेला असेल, तर यंत्र सुरकुतीही टिपते. शिवाय प्रत्येक उत्तर भिंगाखालीच सापडते असे नाही. शेगावच्या प्रकारात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त आणि त्यांच्या खाण्यातील गहू तपासून घेतले, तेव्हा त्यांत सेलेनियमचे प्रमाण फार अधिक आढळले. काप काढणारा कुशल हात, पारखणारी नजर आणि रुग्णाच्या ताटापर्यंत पोहोचणारी जिज्ञासा माणसाचीच असावी लागते.

स्वाध्याय
1. ऊतीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये का ठेवतात?
2. काचपट्टीपेक्षा तिचे चित्र कोणत्या बाबतींत अधिक उपयोगी आहे?
3. ‘यंत्र हे साधन आहे, तज्ज्ञ नव्हे.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.