प्रवासाची चित्रफीत आणि तिचें संकलन

सुट्टी संपून शाळा भरली कीं कोणी ना कोणी आम्हांस विचारतो, "सर, प्रवासांत पुष्कळ व्हिडिओ काढले आहेत, ते जोडावयास कोणतें सॉफ्टवेअर चांगलें?" या प्रश्नास एका नांवानें उत्तर देतां येत नाहीं. तें कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की करावी. संकलन करितांना आपण 'प्रोजेक्ट' म्हणून जी फाइल जतन करितों, तींत बहुधा चित्रें नसतातच. अमुक फितीचा या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंतचा तुकडा घ्यावा, त्यापुढें तमुक जोडावा, अशी केवळ यादी तींत असते. आम्हांस हें ठाऊक नव्हतें. २०१४ सालीं वडिलांसह महाबळेश्वरास गेलों होतों. परत आल्यावर तुकडे जुळविले, प्रोजेक्ट जतन केला आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर जागा हवी म्हणून मूळ फिती पुसून टाकिल्या. पूर्ण फीत बाहेर काढण्याचें काम 'सवडीनें करूं' म्हणून राहिलें. पुढें वडील निवर्तले. फाइल उघडली तेव्हां तुकड्यांचीं नांवें जागच्या जागीं होतीं. चौकटी मात्र रिकाम्या होत्या. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, आमचाच होता.

म्हणून सॉफ्टवेअर घेतांना पहिली परीक्षा ही करावी: दहा सेकंदांचा तुकडा जोडून तो साध्या एमपी४ स्वरूपांत बाहेर काढून पाहावा. कित्येक 'फुकट' सॉफ्टवेअर शेवटीं चित्रावर आपलें नांव ठसठशीत उमटवितात, व तें काढण्यास पैसे मागतात. हें रात्रभर खपल्यावर कळण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें. शिवाय सॉफ्टवेअरही चिरंजीव नसतें. घरोघरीं वापरल्या गेलेल्या विंडोज मूव्ही मेकरचा आधार जानेवारी २०१७ मध्यें बंद झाला. पण त्यांतून बाहेर काढलेल्या फिती आजही चालतात.

दुसरा विचार आपल्या संगणकाचा. मोबाइलवर घेतलेली ४के फीत मिनिटास दीडशे मेगाबाइटांहूनही अधिक जागा घेऊं शकते, आणि ती इतकी दाबून भरलेली असते कीं प्रत्येक चित्र उलगडण्यास संगणकास मोठें गणित करावें लागतें. डाविंची रिझॉल्व्ह याची बिनमूल्य आवृत्ति फार समर्थ आहे. परंतु तिला सोळा जीबी स्मृति व चांगलें ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक हवा. घरच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडीएनलाइव्ह घ्यावें. दोन्ही मुक्त व बिनमूल्य आहेत, आणि दोहोंत 'प्रॉक्सी'ची सोय आहे: काम हलक्या प्रतीवर करावयाचें, शेवटची फीत मात्र मूळ चित्रांवरून निघते. मॅक संगणक असेल त्यानें आयमूव्हीपासून आरंभ करावा.

तिसरा विचार आवाजाचा. आणि याकडेच बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. २०१९ सालीं आईस घेऊन आम्ही कोंकण रेल्वेनें रत्नागिरीस गेलों. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. त्यांतली फीत काळीकुट्ट. ती आम्ही कापून टाकणार, इतक्यांत धाकटी मुलगी म्हणाली, "बाबा, थांबा ना! आजी बोलतेय." खरेंच, त्या अंधारांत आई आपल्या लहानपणच्या आगबोटीच्या प्रवासाविषयीं बोलत होती. बोट बंदरापासून दूर उभी राही, पडावांतून तिच्यापर्यंत जावें लागे, आणि पडावांत चढतांना तिची नवी चप्पल समुद्रांत पडली होती. शॉटकटमध्यें आवाज चित्रापासून सुटा करून निराळ्या पट्टीवर ठेवितां येतो. आम्ही तो सुटा केला आणि त्यावर रत्नागिरीच्या समुद्राचीं चित्रें बसविलीं. जेथें अशी सोय नाहीं, तें सॉफ्टवेअर कितीही सोपें असलें तरी आम्ही घेणार नाहीं.

मोबाइलच्या फितींत दर सेकंदास चित्रांची संख्या कमीजास्त होते. त्यामुळें कधीं कधीं ओठ पुढें व शब्द मागें पडतात. अशी फीत उघडतांच शॉटकट स्वतःच ती संकलनायोग्य रूपांत बदलून घेण्यास सुचवितें. तें ऐकावें.

या वेळीं मूळ फिती दोन निराळ्या डिस्कांवर उतरविल्या, व नंतरच कार्ड पुसलें. तयार फीत आईनें दोनदां पाहिली. चपलेचा मजकूर आला तेव्हां ती म्हणाली, "अगो बाई, हें मी तुम्हांला कधीं सांगितलें?"