समुद्राकाठच्यांनी समुद्राला जाताना

"आई, आपल्याकडचं पाणी असं का नसतं? आपलं किती घाण आहे!"

सातवीतल्या माझ्या लेकीनं मोबाइल पुढे धरला होता. ग्रीसमधल्या झाकिंथोस बेटाचा फोटो होता तो. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. खिडकीतून आमची शापोरा दिसत होती, भरतीला लागलेली, नेहमीसारखी शेवाळी-मातकट. येत्या मेच्या सुट्टीत भूमध्य समुद्राकाठी जायचं आमचं ठरत होतं आणि त्या आनंदातच ती बोलून गेली. मला मात्र तो "घाण" शब्द लागला. ज्या नदीच्या मासळीवर आमचं घर वाढलं, तिच्याबद्दल माझ्याच मुलीनं असं बोलावं?

चोपड्यातल्या, मोरजी-मांद्र्यातल्या आई-बाबांनो, म्हणूनच आज तुमच्याशी बोलायला बसले आहे. जानेवारी २०२३ पासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला. जगभरची माणसं आपल्या दारावरून किनाऱ्याला जातात, ती मुलं पाहतात. आपणही कुठेतरी जावं असं त्यांना वाटणारच. न्यावं जरूर. पण आपल्या नदीची लाज मनात घेऊन मूल परदेशी समुद्रावर उभं राहू नये, एवढं मला फार वाटतं.

त्या दिवशी मी लेकीला उत्तर दिलं नाही. रविवारी ओहोटीच्या वेळी दोन्ही मुलांना घेऊन नदीवर गेले. वाळूचे दांडे उघडे पडले होते, बायका वाकून तिसऱ्या काढत होत्या. मी मुलांना सांगितलं, ही नदी सह्याद्रीतून, रामघाटाकडून तिळारी होऊन उतरते. येताना रानातला पालापाचोळा, गाळ, माती घेऊन येते. त्या गढूळपणातच पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचं अन्न असतं, त्यांच्यावर तिसऱ्या, कोळंबी आणि लहान मासळी जगते, आणि त्यावर आपण. भूमध्य समुद्राचं तसं नाही. तो जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेला आहे. महासागराशी त्याची वाट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, आणि ती सर्वांत अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद. ऊन भरपूर, पाऊस आणि नद्यांचं पाणी कमी. म्हणून तिथलं पाणी जास्त खारं असतं. लिटरमागे आपल्याकडे साधारण ३५ ग्रॅम मीठ, तर तिथे ३८ च्या आसपास. पाण्यात पोषण कमी, म्हणून त्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पती कमी, आणि म्हणूनच ती निळाई. भरती-ओहोटीही बऱ्याच ठिकाणी वीत-दोन वीत एवढीच.

"म्हणजे तिथे तिसऱ्या काढायला अशी ओहोटीच लागत नाही?" लेकीनं विचारलं. तिच्या आवाजात त्या समुद्राबद्दल किंचित कणव होती. मला बरं वाटलं, खरं सांगते.

झाकिंथोस आम्ही निवडलं ते मात्र फोटोमुळे नव्हे. आपल्या मोरजीच्या टेंबावर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. नव्वदच्या दशकापासून वनखातं आणि गावची माणसं त्यांची घरटी राखत आली आहेत. झाकिंथोसच्या लागानास उपसागरात लॉगरहेड जातीची कासवं येतात. भूमध्य समुद्रातली ही त्यांची फार मोठी विणीची जागा आहे. तिथे १९९९ मध्ये राष्ट्रीय सागरी उद्यान झालं. विणीच्या हंगामात त्या किनाऱ्यांवर रात्री पाऊल टाकायचं नाही. छत्री रोवायची तर पाण्यालगतच्या पट्ट्यात, कारण मागच्या कोरड्या वाळूत अंडी असतात. सेकानिया नावाचा किनारा तर पर्यटकांना पूर्ण बंद. आणि त्याच उपसागराच्या काठी लागानास गावात रात्रभर नाचगाण्याचा धंदाही चालतो. एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला झगमगाट. आपल्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या लोकांची ओढाताण आपली मुलं जितकी ओळखतील, तितकी मुंबई-दिल्लीची मुलं क्वचितच ओळखतील.

आपण पाहुणे झेललेली माणसं आहोत. चांगले पाहुणेही पाहिले, वर्षानुवर्षं येऊन घरचे झालेले. पण एक प्रसंग आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. सासूबाई अंगणात तिसऱ्या साफ करत बसल्या होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या काही जणांनी आत येऊन, एक शब्द न विचारता त्यांचे फोटो काढले आणि हसत निघून गेले. सासूबाई उठून घरात गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. लेक तेव्हा दुसरीत होती. प्रवासाची वही उघडली तेव्हा पहिल्या पानावर तिनं आपणहून लिहिलं: "विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही." त्याखाली दोन ग्रीक शब्द, "कालिमेरा" म्हणजे सुप्रभात आणि "एफहारिस्तो" म्हणजे धन्यवाद. धाकटा दिवसभर घरात एफहारिस्तो म्हणत फिरतो.

मुलांना तयारीत घ्या, हे मी कळकळीनं सांगते. आपण सगळं ठरवून त्यांना नुसतं विमानात बसवतो आणि मग ती तिथेही मोबाइलच बघतात. आम्ही कागदपत्रांची फाइल लेकीकडे सोपवली. ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तो जायलाच हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा. व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, सहा वर्षांपासून बारा पूर्ण होण्याआधीच्या मुलांना त्याच्या निम्मं. हे आकडे रुपयांत मांडून तिनंच बेरीज केली आणि गप्प झाली. आम्ही सहा वर्षं बाजूला टाकलेले पैसे आहेत, हे तिला पहिल्यांदाच कळलं. मुलांपासून पैशाची गोष्ट लपवू नये असं माझं मत आहे. ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनीही मन खट्टू करू नये. हीच वही मालवण-तारकर्लीला जाताना तितकीच उपयोगी पडेल.

अथेन्सहून झाकिंथोसला छोटं विमान जातं. पण आम्ही बसनं किल्लिनी बंदराला जाऊन तिथून बोटीनं जाणार आहोत. सव्वा-दीड तासाचा तो प्रवास. पूल होण्याआधी शिवोलीला फेरीबोटीनं जाताना त्या काळची मुलं कठड्याला कशी चिकटून उभी राहायची, हे आमच्या पोरांना त्यांच्या बाबांनी रंगवून सांगितलंय. तेव्हापासून दोघांना बोटच हवी आहे.

एक काळजीचं सांगते. आपला समुद्र मे महिन्यात जवळजवळ कोमट असतो, तिथला तेव्हा वीस अंशांच्या आसपास. पहिल्या दिवशी मुलांना फार वेळ पाण्यात ठेवू नका. खडकाळ जागी काटेरी समुद्री जीव असतात, तेव्हा रबरी चपला न्या. तिथलं ऊन कोरडं असतं. घाम जाणवत नाही, म्हणून मुलं पाणी मागत नाहीत. आपणच पाजत राहायचं. चवथीच्या सुमारास तिथे पिल्लं बाहेर पडतात, पण चवथ सोडून आपल्यातलं कोण जाणार? मेअखेरीला विणीची सुरुवात होते, ती दिसली तर नशीब.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही टेंबावर गेलो होतो. पलीकडे शापोऱ्याचा किल्ला, अलीकडे जाळीनं कुंपण घातलेली दोन घरटी. राखणीला बसलेल्या काकांना लेकीनं वही दाखवली आणि विचारलं, "काका, तिथल्या राखणदारांना मी काय विचारू?"

काका बराच वेळ वाळूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात. त्यांच्याकडे किती लागतात ते विचार. आणि रात्री जागायला त्यांना सोबत कोण असतं, तेही विचार."

तिनं दोन्ही प्रश्न वहीत उतरवले. दुसऱ्याखाली तिनं रेघ मारली.