शर्त आणि करार

डिसेंबर 2024 मधली ही गोष्ट आहे. त्या महिन्यात प्रो कबड्डीचे सामने पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात चालू होते. 29 तारखेला, रविवारी अंतिम सामना होता. आम्ही भवानी पेठेत राहतो. बालेवाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. म्हणून आम्ही चाचांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. चाचा एका वकिलांकडे कारकून आहेत. भाईजान आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या संघातून कबड्डी खेळतो. मामेभाऊ खेळत नाही. पण बोलण्यात त्याला कोणी हरवू शकत नाही.

सामना हरियाणा आणि पाटणा या संघांचा होता. आमचा पुणेरी पलटण संघ आधीच स्पर्धेबाहेर गेला होता.

"आज हरियाणाच जिंकणार!" मामेभाऊ म्हणाला. "पाचशे रुपयांची शर्त!"

"लागली!" भाईजान रागाने म्हणाला आणि त्याने खिशातून पाचशेची नोट काढली. चाचांनी दोघांच्याही नोटा मुकाट्याने घेतल्या आणि टीव्हीखाली ठेवल्या.

भाईजानच्या रागाचे कारण आम्हां सर्वांना ठाऊक होते. ते कारण म्हणजे इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. हा डावा कोपरारक्षक. त्याच्या पकडीतून सुटणे फार अवघड! 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोउ येथे आशियाई खेळांत भारताने इराणला 33–29 असे हरवले. तेव्हा शादलुई इराणकडे होता आणि आपला अस्लम इनामदार भारताच्या चमूत होता. लगेच दोन-तीन दिवसांत मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. पुण्याने 2 कोटी 35 लाख रुपये मोजून शादलुईला घेतले. काल समोर उभा असलेला खेळाडू आज सोबती झाला! 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे अस्लमच्या नेतृत्वाखाली पुण्याने हरियाणाला 28–25 असे नमवले आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवले. त्या रात्री आमच्या गल्लीत उशिरापर्यंत कोणी झोपले नाही. पण ऑगस्टमध्ये पुन्हा लिलाव झाला आणि शादलुई 2 कोटी 7 लाख रुपयांना त्याच हरियाणाकडे गेला.

"बेइमान आहे तो!" भाईजान म्हणाला. "ज्यांना हरवले, त्यांच्याकडेच गेला!"

"त्याचा काय दोष?" मामेभाऊ म्हणाला. "मुदत संपली. पुण्याने त्याला ठेवले नाही. हरियाणाने बोली लावली, म्हणून तो गेला."

"मग आपण कोणावर प्रेम करायचे? खेळाडूवर की जर्सीवर?"

"जर्सी तरी कुठे टिकते?" मामेभाऊ हसला. हे मात्र भाईजानला फार लागले. 2013 च्या सट्टेबाजीच्या प्रकरणामुळे क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेतील चेन्नई व राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली. त्यांच्या रिकाम्या जागी 2016 मध्ये पुणे आणि राजकोट येथील संघ आले. म्हणजे पुण्याला तो संघ मिळाला, तोही सट्ट्याच्या कृपेने! 21 मे 2017 रोजी अंतिम सामन्यात आपण मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरलो आणि नंतर तो संघच बंद झाला. भाईजान तेव्हा लहान होता. ती जर्सी अम्मीने अजून पेटीत जपून ठेवली आहे.

मध्यंतरात चाचांनी आवाज कमी केला.

"उर्दूत शर्त म्हणजे पैज आणि शर्त म्हणजे अटसुद्धा," ते म्हणाले. "मराठीत 'अटी व शर्ती' असे लिहितात, तेव्हा शर्त म्हणजे अट. बैलगाड्यांची शर्यत हा शब्दही त्यातूनच आला. आता सांगा, शादलुईचा करार आणि तुमची ही पाचशेची शर्त, दोन्ही शब्दच ना? मग फरक काय?"

आम्ही गप्प बसलो.

"1872 चा करार कायदा आहे. ठरलेले पैसे संघाने दिले नाहीत, तर खेळाडू न्यायालयात जाऊ शकतो. पण त्याच कायद्याचे तिसावे कलम म्हणते की पैजेचा करार रद्दबातल आहे. हरलेल्याने पैसे दिले नाहीत, तर जिंकलेल्याला न्यायालय ते मिळवून देणार नाही. शिवाय जुगाराविरुद्ध आपल्याकडे 1887 पासून वेगळा कायदा आहेच."

"मग कॅम्पातल्या रेसकोर्सवर काय चालते?" मामेभावाने लगेच विचारले.

"तिथे परवाना असतो. तिसाव्या कलमातही घोड्यांच्या शर्यतीच्या बक्षिसाला सूट आहे." चाचा जरा थांबले. "ही सूट मला कधी पटली नाही. पण कायद्यात ती आहे." (मोबाईलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने पुढे ऑगस्ट 2025 मध्ये केला. त्या वेळी मामेभावाच्या मोबाईलवर असे दोन खेळ होते.)

तेवढ्यात भाईजानने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मुंबईच्या एका कंपनीने त्याला आपल्या संघात बोलावले होते. एक वर्षाचा करार आणि दरमहा मानधन. हे त्याने आठ दिवस कोणाला सांगितले नव्हते.

"म्हणजे तूही मंडळ सोडणार!" मामेभाऊ ओरडला. "आणि शादलुई बेइमान?"

भाईजानने मान खाली घातली. मंडळातल्या मुलांनी वर्गणी काढून त्याला बूट घेऊन दिले होते. ते सर्वांना आठवले. बोलले मात्र कोणी नाही.

चाचांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "गुडघा दुखावला तर काय?" त्यांनी विचारले.

कागदात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

"या वर्षी अस्लमचा गुडघा दुखावला. कप्तान असून त्याला हंगाम सोडावा लागला. तुझे तसे झाले, तर औषधपाणी कोण करणार? मानधन चालू राहील की बंद होईल? उर्दूत क़रार म्हणजे जिवाची स्वस्थता. असल्या करारात कसली आली स्वस्थता!" त्यांनी पेन्सिल घेतली आणि समासात दुखापतीची अट लिहिली.

सामना हरियाणाने 32–23 असा जिंकला. शादलुईने एकामागून एक पकडी केल्या. एका पकडीला भाईजानने नकळत टाळी वाजवली आणि लगेच हात मांडीखाली दाबून धरले.

मामेभावाने टीव्हीखाली हात घातला. चाचांनी तो धरला आणि ज्याची नोट त्याला परत दिली. "मी शब्द दिला होता," असे म्हणून भाईजान आपली नोट मामेभावाला देऊ लागला. पण चाचांनी डोळे वटारले. मामेभाऊ जेवण होईपर्यंत रुसून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईजान कागद घेऊन मुंबईला गेला. कंपनीने अट पूर्ण मान्य केली नाही. औषधपाण्याचा खर्च कबूल केला. मानधन मात्र तीन महिनेच देऊ, असे लिहून दिले. भाईजानने सही केली. पुण्याला परतल्यावर तो घरी आला नाही. आधी मंडळाच्या मैदानावर गेला. मुले सराव करत होती. त्याने कागद कप्तानाच्या हाती दिला आणि बूट काढून रेषेवर उभा राहिला.

कप्तानाने कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, "सरावाला उशीर झाला. चल, चढाई तुझी."