जुन्या मोटारगाड्यांची दिशादर्शक दांडी : एक दुर्लक्षित दुरुस्ती

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात पुसेगाव येथे एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या गाडीतून जाण्याचा योग मध्यंतरी आला. गाडी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्याच राज्यात, मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली. गुरुजींनी ती मोठ्या निगुतीने राखली आहे. रंग शाबूत, आसनांवर स्वच्छ खोळी, इंजिनाचा आवाजही समाधानकारक. मात्र फाट्यावर उजवीकडे वळताना त्यांनी दिशादर्शक दांडीला स्पर्शही केला नाही. खिडकीची काच उतरवून त्यांनी हात बाहेर काढला आणि गाडी वळवली.

"सर, साइड दिली नाहीत?" मी विचारले.

"दांडी फार जड झाली आहे हो. ओढायला जोर लागतो आणि करकरते. त्यापेक्षा हात बरा," ते म्हणाले.

त्या वेळी दिवस मावळून गेला होता. मागून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर येत होता. गुरुजींचा हात त्या चालकाला दिसला की नाही, हे सांगता येणार नाही. सुदैवाने त्याचा वेग बेताचा होता.

दांडी ताठर होणे ही एरवी किरकोळ तक्रार समजली जाते. दिवे लागत असतात, गाडी चालत असते, त्यामुळे दुरुस्ती पुढे ढकलली जाते. परंतु दांडीला जोर लागू लागला की चालक हळूहळू इशारा देण्याचेच सोडतो, आणि हा बदल त्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. या लेखाचे कारण एवढेच.

हातापासून दिव्यापर्यंत

मोटारीच्या प्रारंभीच्या काळात वळण्याचा इशारा हातानेच दिला जाई. पुढे युरोपातील अनेक गाड्यांना दारालगतच्या खांबात एक लहानसा विजेवर चालणारा हात बसवला जाई. कळ फिरवताच तो बाहेर येऊन आडवा होई. हा हातही धुळीने अडके, आणि चालकाला खांबावर आतून बुक्की मारून तो बाहेर काढावा लागे. तेव्हा इशाऱ्याचे साधन अडकणे ही तक्रार काही आजची नव्हे. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९ साली उघडझाप करणारे दिवे दिले आणि १९४० साली वळण संपताच आपोआप बंद होणारी व्यवस्था त्यांना जोडली. आपल्या आजच्या दांडीचे मूळ तेथे आहे.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ अन्वये या दिव्यांचा रंग पिवळसर नारिंगी असावा आणि त्यांची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी, असे बंधन आहे. घड्याळ समोर धरून कोणासही हे मोजून पाहता येईल.

दांडी जड का होते

स्टिअरिंगच्या खालच्या आवरणात दांडीचे मूळ असते. ती एका खिळीभोवती फिरते. डावी, मधली आणि उजवी अशा तीन जागी ती थांबावी म्हणून स्प्रिंगने दाबलेली एक छोटी गोळी खाचेत बसते. दांडी ओढताना जाणवणारी 'टक' ती हीच. याखेरीज एक लहान खटका असतो. वळण पुरे करून चाक सरळ होऊ लागले की स्टिअरिंगबरोबर फिरणारा उंचवटा या खटक्यास लागतो आणि दांडी मध्यावर परत येते.

या सर्व भागांना कारखान्यात ग्रीसचा पातळ थर दिलेला असतो. वर्षानुवर्षांच्या वापरानंतर ते ग्रीस सुकते आणि त्यात धूळ मिसळून चिकट, घट्ट लगदा तयार होतो. मराठवाड्यातील उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. बंद गाडीत, काचेखाली, तापमान त्याहूनही बरेच वाढते. शिवाय गावाकडील रस्त्यांची धूळ. तेव्हा आपल्याकडील गाड्यांत हा दोष अधिक आढळला तर नवल नाही. गोळी किंवा तिची खाच झिजली असेल तर मात्र दांडी जड न होता ढिली पडते व जागेवर थांबत नाही. पुष्कळदा दोष दांडीत नसतोच. पूर्वीच्या कोणा मिस्त्रीने आवरणाचे स्क्रू अति आवळलेले असतात आणि आवरणच दांडीला घासत असते. म्हणून खर्च करण्यापूर्वी ते स्क्रू अर्धा फेरा ढिले करून पाहावे.

आवाजाचेही प्रकार आहेत. दांडी हलवतानाच करकर होत असेल तर दोष तिच्या खिळीत किंवा गोळीत समजावा. इशारा चालू ठेवून चाक फिरवतानाच आवाज येत असेल तर खटका कोरडा पडला आहे. इशारा बंद असतानाही चाकाबरोबर किरकिर होत असेल तर बहुधा हॉर्नची वीज वाहणारी पट्टी तिच्या कड्यावर घासत असते; दांडीवर विनाकारण दोष येतो. राहिली ती दिव्याबरोबरची टिकटिक. ती फ्लॅशरची असून ती ऐकू आलीच पाहिजे. तिचा वेग एकाएकी बदलला किंवा ती थांबली, तर प्रथम एखादा बल्ब गेला आहे का, हे पाहावे.

खटका झिजला वा तुटला की दांडी परत येत नाही आणि दिवा मैलोन्मैल उघडझाप करीत राहतो. हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या दुपदरी रस्त्यांवर काही मालमोटारचालक उजवा दिवा लावून मागील वाहनास 'पुढे निघा' असे सुचवतात. नियमात या खुणेला आधार नाही, तरी ती रूढ आहे. अशा रस्त्यावर विसरून चालू राहिलेला उजवा दिवा एकास 'मी वळतो' असे सांगतो, तर दुसऱ्यास 'या पुढे' असे.

दुरुस्ती

प्रथम बॅटरीचा ऋण टोकाकडील तार सोडवावा. आवरण काढून जुने ग्रीस मऊ कुंचल्याने व कापडाने पुसून घ्यावे. विजेच्या संपर्कांसाठी मिळणारा स्वच्छक फवारा वापरावा. येथे रॉकेल किंवा पेट्रोल मारण्याची गॅरेजांतील प्रथा सोडावी. दांडी तात्पुरती हलकी होते खरी, परंतु उरलेले ग्रीसही धुऊन जाते, काही प्लॅस्टिकचे भाग ठिसूळ होतात, आणि विजेच्या ठिणगीजवळ पेट्रोल असणे धोक्याचे आहे. इंजिन ऑईल वा खोबरेल तेलही नको, कारण त्यावर धूळ बसते. खिळी, गोळी व खटका यांवर प्लॅस्टिकला चालणारे लिथियम ग्रीस नखभर पुरते. तांब्याच्या संपर्कांवर ते लागू देऊ नये आणि ते संपर्क खरबरीत कागदाने घासू नयेत.

भाग मोडला असेल तर संपूर्ण 'कॉम्बिनेशन स्विच' बदलणे श्रेयस्कर. मारुती ८०० सारख्या गाड्यांचा तो सहज मिळतो. पद्मिनीसाठी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोध घ्यावा लागतो, कारण तिचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. स्टिअरिंगचे चाक काढले असल्यास ते पूर्वीच्याच जागी बसवावे. एरवी उंचवटा सरकतो आणि दिवा एका बाजूस लवकर, दुसऱ्या बाजूस उशिरा बंद होतो. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिचे चाक घरी वा साध्या गॅरेजात उघडू नये.

शासकीय व स्थानिक संस्थांची पंधरा वर्षांवरील वाहने १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतून बाद ठरत असल्याने हा प्रश्न मुख्यतः खाजगी गाड्यांचा आहे. पंधरा वर्षांनंतर त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्या वेळी वाहनाची तपासणी केली जाते. तपासणीत दिवा लागतो की नाही हे पाहिले जाते. दांडीला किती जोर लागतो, हे चालकाखेरीज कोणास कळणार?

गुरुजींची दांडी हिंगोलीच्या एका मिस्त्रीने तासाभरात मोकळी करून दिली. आवरणाचा एक स्क्रू मूळचा नव्हता. तो लांब होता आणि त्याचे टोक दांडीच्या बुडाशी टेकत होते.