‘होल्ड’ आणि तिच्या पाठराखणी

ये बयो, बस अशी जवळ. सोमवारपासून ग्राहकसेवेच्या फोनवर बसायचंय आणि तू डिक्शनरीतून ‘होल्ड’चे अर्थ पाठ करत बसली आहेस, हे काही मला पटलं नाही. धरणे, सांभाळणे, मानणे, मावणे... असे सुटे अर्थ घोकले तर ऐन वेळी एकही आठवत नाही गं.

आधी आपल्या ‘धरणे’कडे बघ. हट्ट धरला, अबोला धरला, उपास धरला, रोपाने मूळ धरलं, बाळाने बाळसं धरलं, कुणाला वेठीला धरलं, कुणाला गृहीत धरलं. यातलं तुला कुणी शिकवलं का? जोडीचा शब्द आला की अर्थ आपसूक कळतो. होल्डचंही तसंच आहे. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तशी तिच्याबरोबर ऑन, अप, आउट, बॅक यांपैकी कुणीतरी येते, आणि अर्थ ठरवते ती पाठराखीण. म्हणून पाठ करायचंच असेल तर जोडीने कर.

आता तुझ्या कामाचं. समोरचा लाइनवर आहे आणि तुला माहिती शोधायचीय. ‘होल्ड ऑन’ म्हणजे थांबा, हे खरं, पण ते मैत्रिणीला चालतं. ग्राहकाला नुसतं ‘होल्ड ऑन’ म्हटलंस तर ‘ए, थांब जरा’ म्हटल्यासारखं लागतं. त्याला विचार, ‘मे आय पुट यू ऑन होल्ड फॉर अ मिनिट?’ कशासाठी थांबवतेयस तेही सांग. आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत बटण दाबू नकोस. बिचारा फोन कानाला लावून बसलेला असतो, जरा वेळ गेला की त्याला वाटतं आपल्याला विसरले. वेळ लागणार असेल तर मध्येच परत येऊन तसं सांग. माहिती मिळाली की आधी ‘थँक यू फॉर होल्डिंग’, मग उत्तर.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘होल्ड अप’चा. ‘आय वॉज हेल्ड अप’ म्हणजे मी अडकले, उशीर झाला. पण ‘होल्ड-अप’ हे नाम म्हणून आलं की बंदूक रोखून केलेली लूटही असू शकते. बाकीच्या सोप्या आहेत: ‘होल्ड आउट’ म्हणजे तग धरणं, ‘होल्ड बॅक’ म्हणजे हातचं राखणं, ‘होल्ड फोर्थ’ म्हणजे लांबण लावणं. मला स्वतःला आवडते ती ‘होल्ड अगेन्स्ट’. ‘डोन्ट होल्ड इट अगेन्स्ट मी’ म्हणजे मनात राग धरू नकोस. धरण्यासारखं काय काय असतं, हे दोन्ही भाषांना किती सारखं सुचलंय बघ!

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला फसवते. आपण चेंडूही धरतो, बसही धरतो आणि हातही धरतो. इंग्रजीत चेंडू आणि बस ‘कॅच’ करायची, हात ‘होल्ड’ करायचा. झेलण्याची, गाठण्याची क्रिया ती कॅच. हातात आल्यावर धरून राहणं ते होल्ड. आणि भूतकाळ ‘हेल्ड’. ‘होल्डेड’ चुकूनही म्हणू नकोस.

पेपरात कोर्टाची बातमी वाचशील तेव्हा ‘द कोर्ट हेल्ड दॅट’ दिसेल. तिथे कोर्टाने काही पकडलेलं नसतं, निष्कर्ष दिलेला असतो. ‘अपहेल्ड’ म्हणजे आधीचा निकाल कायम ठेवला. अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं होल्डही ‘आम्ही मानतो’ याच अर्थाचं. जहाजात माल ठेवतात त्या होल्डचं कूळ मात्र वेगळं. ती ‘होल’ म्हणजे भोक या शब्दाकडची, नाव तेवढं सारखं झालंय.

आणि आपल्या होल्डचं मूळ? गॉथिक नावाच्या जुन्या भाषेत याच कुळातला ‘हाल्डान’ असा शब्द आहे, त्याचा अर्थ गुरं राखणं. मूठ आवळणं नव्हे बयो, राखणं! मला तर होल्डवरचा माणूस तसाच वाटतो, तेवढा वेळ तुझ्या राखणीत असलेला.

चल, ती डिक्शनरी मीट आणि जेवून घे. मग मी चिडलेली ग्राहक होते, तू फोन उचल. बटण घाईने दाबलंस तर मी लगेच टोकणार आहे.