३.४ समूहवाचक नामे आणि सामाजिक दृष्टी : ‘झुंडी’पासून ‘संघा’पर्यंत

समूहवाचक नाम केवळ समूहाचा निर्देश करीत नाही. समूहाकडे पाहणाऱ्याची दृष्टीही प्रकट करते. ‘झुंड’ प्रामुख्याने जनावरांची. माणसांना तो शब्द लावला की भय वा तुच्छता सूचित होते. ‘झुंडशाही’ हे त्याचेच रूप. ‘टोळी’ दरोडेखोरांची तशी ऊसतोड मजुरांचीही. ‘संघ’ म्हटले की मात्र उद्देश, नियम आणि प्रत्येकाची नेमलेली जागा अभिप्रेत असते.

नागपूरचे उदाहरण पाहू. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात फुटक्या बादलीशी खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. २००१ मध्ये सुरू झालेल्या या कार्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. या कार्यावरून प्रेरित असलेल्या नागराज मंजुळे यांच्या हिंदी चित्रपटाचे (२०२२) नाव आहे ‘झुंड’.

केवळ नाव बदलल्याने झुंडीचा संघ होत नाही. झुंडीतील व्यक्ती निनावी असते. संघात तीच गोलरक्षक होते आणि ती न आल्यास तिची जागा रिकामी दिसते. मैदान, प्रशिक्षक व नियमित सराव यांमुळे शब्दाला अर्थ लाभतो.

स्वाध्याय : आपले गाव नाकाडोंगरी असो वा नागपूर, चौकात जमणाऱ्या तरुणांसाठी तेथे वापरले जाणारे पाच शब्द नोंदवा. ते तरुण स्वतःला काय म्हणवतात, हे विचारून दोहोंतील अर्थभेद स्पष्ट करा.